लोहाराचं आडनाव

आमच्या पोर्टहॅलीत आडनावाचा कुणाला उपयोग नाही, कारण ते सगळ्यांचं एकच आहे. कुठलंही दार ठोठावा, आतून फ्लेटच बाहेर येणार, आणि बहुधा त्याचं नाव जॉर्ज असणार. म्हणून इथे घराघराला जोडनाव असतं. आम्ही टार फ्लेट. माझ्या आजेसासऱ्यांचा पाय म्हणे एकदा डांबराच्या पिंपात अडकला होता. शेजारचे कॉकल फ्लेट. वरच्या गल्लीतले बिशप फ्लेट, कारण त्यांच्यातला कोणी चर्चची पायरी चढत नसे. टपालवाला पत्र देताना, डॉक्टर घर विचारताना, सगळे याच नावांनी विचारतात. ज्याला जोडनाव नाही तो गावचा नाही, एवढं सरळ.

हेक्टरला जोडनाव नव्हतं. आणि आडनाव होतं ते काढायची सोय नव्हती.

रॉस.

समुद्रावर जाणाऱ्या माणसांचे काही शब्द वर्ज्य असतातच. बोटीवर कोणी डुकराचं, सशाचं नाव घेत नाही, रावस माशाचं घेत नाही. पाळकसाहेबांचंही घेत नाहीत, 'काळ्या कोटवाला' म्हणतात. चुकून तोंडातून गेलंच तर लगेच लोखंडाला हात लावायचा. पण हे सगळं बोटीवर. रॉस हे नाव आमच्याकडे जमिनीवरही चालत नसे. ते ज्याच्या कानावर पडलं, त्याने थुंकायचं, मग खिळा, किल्ली, निदान बुटाच्या तळव्याला ठोकलेली चूक, जे लोखंड हाताशी येईल ते धरायचं, आणि लोखंड वेळेवर हाती आलं नाही, तर पुढच्या फेरीला बोट बाहेर काढायची नाही.

का, ते कोणालाच सांगता येत नसे. कॉकलकडची म्हातारी सांगायची की त्या नावाचा कोणी अधिकारी पूर्वी तरुण मुलांना जबरदस्तीने लढाऊ जहाजांवर धरून नेत असे. बिशपकडचे म्हणायचे, त्या नावाच्या बाईने बंदरावर शाप दिला. माझे सासरे म्हणायचे, "कारण कशाला पाहिजे? आग भाजते त्याला कारण विचारतोस?" सासऱ्यांशी कोणी वाद घालत नसे.

माझा नवराही जॉर्जच, पण सगळे त्याला डॉड म्हणतात. तो मात्र नुसता ऐकीव भीतीवर चालणारा नव्हता. त्याच्याजवळ त्याचं स्वतःचं कारण होतं. त्याचा धाकटा भाऊ वॉट त्याच्याच बोटीवर होता. एका सकाळी दोरखंड सोडत असताना धक्क्यावर एक फेरीवाला आला आणि टोपी काढून त्याने मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं. डॉडच्या दोन्ही हातांत ओला दोर होता. त्याने लोखंड शोधेपर्यंत बोट सुटली होती. संध्याकाळी बोट परत आली, वॉट आला नाही. लाट आली आणि घेऊन गेली. त्यानंतर डॉडच्या गळ्यात कायम एक किल्ली असे. कुठल्या कुलपाची ते त्यालाही माहीत नव्हतं.

वॉट गेला त्याला सहा वर्षं झाली होती तेव्हा हेक्टर आमच्या गावी आला, बोटी दुरुस्त करायच्या गोदीतल्या भट्टीवर. अंगाने आडवा, बोलायला कमी, हाताला चांगला. गावाची गंमत बघा. त्याचं नाव कानावर आलं तर लोखंड पाहिजे, आणि लोखंड सगळं त्याच्याकडेच. नांगर त्याच्याकडचा, बुटांच्या चुका त्याच्याकडच्या, डॉडच्या गळ्यातल्या किल्लीची कडी तुटली तेव्हा तीही त्यानेच जोडून दिली. सगळे त्याला 'भट्टीवरचा' म्हणत. पोरं त्याला बघून थुंकत आणि पळत. तो हसायचा. सहा वर्षं हसत राहिला.

आमच्या एलस्पेटला तो कधी आवडायला लागला ते मला तिच्याआधी कळलं. आम्ही दोघी मागच्या दारी बसून गळाच्या दोरीला शिंपल्यांचं मांस लावत होतो. हिवाळ्यात घरची पुरुषमाणसं हॅडॉक मासा धरायला जातात, आणि एकेका दोरीला शेकड्याने गळ असतात, त्यामुळे बायकांची बोटं दिवसभर गार पाण्यात. एलस्पेट म्हणाली, "आई, शिंपल्या उघडायला ही सुरी बोथट झालीये. भट्टीवर नेऊन आणते."

"कालच आणलीस ना?"

"काल नीट लागली नव्हती धार."

"परवाही नव्हती लागली. एवढा वाईट लोहार आहे का गं तो?"

ती लाल झाली आणि सुरीकडे बघत म्हणाली, "लोहार चांगला आहे."

डॉडला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पाइपात तंबाखू दाबत बसला. मग म्हणाला, "माणसाबद्दल माझी तक्रार नाही. पीत नाही, चर्चला येतो, हातात कसब आहे. आणि आमच्याकडे लग्न झालं तरी मुलगी फ्लेटच राहते. थडग्याच्या दगडावरसुद्धा बापाचंच नाव कोरतात. त्याचं नाव काय, भिंतीआड राहील. होऊ दे."

मला वाटलं, झालं. देवाने एवढ्यावर सोडवलं.

पण लग्नाआधी पुकार असते. रविवारी भरल्या चर्चमध्ये चिटणीस उभे राहतात आणि वधूवरांचं पूर्ण नाव तीन वेळा वाचतात. अमक्या गावचा अमका आणि तमक्याची मुलगी तमकी, कोणाची हरकत असेल तर बोला. हे ध्यानात आलं ते चिटणीस जेमिसन आमच्या स्वयंपाकघरात घाम पुसत आले तेव्हा. ते शाळामास्तर, पण आईकडून फ्लेटच, म्हणजे भीती तीच.

"डॉड, मी ते वाचू कसं? समोर सगळ्या बोटींचे तांडेल बसलेले. मी तोंड उघडलं की सोमवारी एक बोट बाहेर पडणार नाही. लोक मला धरून बंदरात टाकतील."

"मग असा रविवार बघा ज्याच्या मागून सोमवार येत नाही," डॉड म्हणाला.

"थट्टा नको रे. दुसरी वाट आहे. सरकारी कचेरीबाहेर काचेच्या पेटीत कागद लावायचा. आठवडाभर राहतो. मोठ्याने कोणी वाचत नाही, बघायलाही कोणी जात नाही. कायद्याने तेही चालतं."

"चालतं ना? मग लावा." डॉडने पाइप पेटवला. त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

हेक्टर दाराशी उभा होता. एलस्पेटने त्याला बोलावलं होतं. तो आत आला, टोपी हातात घेतली, आणि मी त्याला इतकं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"तांडेल, तुम्ही मला मुलगी देताय, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण पेटीत कागद मी लावणार नाही. इथे आल्यापासून मला कोणी नावाने हाक मारली नाही. मी काही म्हटलं नाही, कारण समुद्रावर तुम्ही जाता, मी नाही. तुमची भीती तुमच्याजवळ. पण देवाच्या घरात, माझ्या लग्नाला, माझ्या बापाचं नाव निघणार नसेल, तर मग माझी मुलंही इथे बिननावाचीच वाढतील. समुद्रापार नोव्हा स्कोशियात माझे चुलते आहेत. तिकडे भट्टी आहे, आणि तिकडे अर्धं गाव माझ्याच नावाचं आहे. मी जाईन."

"एकटा?" डॉडने विचारलं.

"मी पण," एलस्पेट म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण ती बापाकडे बघून बोलली.

डॉड उठला आणि अंगणात गेला. चिटणीसही गेले. मी एलस्पेटकडे बघितलं. एकुलती एक. देवाने मला दुसरं मूल दिलं नव्हतं आणि आता समुद्र हिलाही नेणार होता. मी रडले नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतलं, दुसरं काय करणार.

पाळकसाहेबांकडे मी स्वतः गेले. ते म्हणाले, "बाई, बोटीवर माझाही नामोच्चार होत नाही, त्यामुळे मला त्या मुलाचं दुःख जरा जास्तच कळतं. चर्चची किंवा माझी ना नाही. पण चिटणीसांना धीर आणि डॉडला समज, दोन्ही माझ्या हातात नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मुलाकडचं कोणी मोठं माणूस आहे का? दोन घरांनी एकमेकांना बघितल्याशिवाय नुसत्या नावांची भांडणं मिटत नाहीत."

मोठं माणूस म्हणजे हेक्टरची आजी. खाडीपलीकडे राहणारी. आमच्या बोटींना रात्री समोर टार्बट नेसचा दिवा दिसतो ना, त्या दीपगृहाच्या पायथ्याशी. ती आगगाडीने अख्ख्या खाडीला वळसा घालून शनिवारी आली. एवढीशी बाई, डोक्याला काळी शाल, हातात टोपली, टोपलीत घरचं लोणी. आमच्याकडे त्या वेळी डॉड होता, शेजारचा म्हातारा कॉकल होता, त्याची सून होती. सगळे उभे राहिले.

"मी कर्स्टी मन्रो," ती म्हणाली.

सगळ्यांचे खांदे खाली आले. मन्रो चांगलं नाव. कॉकल तर पुढे होऊन हात मिळवायला निघाला.

"अलास्टर रॉसची विधवा."

खाट्‌कन सगळं घर हललं. कॉकलने चिमटा धरला. त्याच्या सुनेने चुलीवरची कढई धरली आणि हात भाजून घेतला. डॉडचा हात गळ्यातल्या किल्लीवर. म्हातारी मध्यभागी उभी, एकेकाकडे बघतेय.

"काय झालं यांना?" तिने नातवाला विचारलं. "पोटात दुखतंय का?"

"नाही आजी," हेक्टर म्हणाला. "ते आपलं नाव ऐकून."

"नाव ऐकून?" तिला ते समजावून सांगायला वेळ लागला. तिची घरची भाषा गेलिक. आमची बोली तिला सावकाश कळायची. कळलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि खो खो हसत सुटली. शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "अरे देवा. आणि माझा नवरा जन्मभर आपल्या नावाचा तोरा मिरवत होता."

मी तिच्यापुढे चहा ठेवला, ओटच्या भाकऱ्या ठेवल्या, तिचंच लोणी ठेवलं. कॉकल चिमटा न सोडताच बसला.

"हे नाव आमच्याकडे पूर्वी नव्हतंच," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा आजा होता ह्यूचा मुलगा डोनाल्ड. ह्यूचा बाप अँगस, अँगसचा बाप पुन्हा ह्यू. एवढंच नाव. कोणाचा तू, विचारलं की बापाचं, आज्याचं सांगायचं. मग सैन्यात भरतीला आलेल्या लेखनिकाने विचारलं, आडनाव काय? डोनाल्डला कळेना. तो म्हणाला, मी रॉसचा. म्हणजे त्या मुलखाचा. लेखनिकाने लिहून टाकलं. तेव्हापासून सगळे रॉस. आम्ही काही नाव शोधत गेलो नव्हतो बाई, जमिनीचं नाव अंगावर पडलं."

ती ते नाव म्हणाली की प्रत्येक वेळी कॉकल चिमटा आवळत होता. बिचाऱ्याचे हात पांढरे पडले.

आता डॉडने विचारलं, "आणि त्या... त्या शब्दाला काही अर्थ आहे का तुमच्या भाषेत?"

"आहे की. आम्ही रोस म्हणतो, म्हणजे समुद्रात शिरलेली जमीन. भूशिर. हे बघ," म्हणत तिने टेबलावर हात ठेवला आणि तर्जनी पुढे काढली. "हे टार्बट नेस. आमचं घर या नखावर."

डॉडने तिच्या बोटाकडे बघितलं. मला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय. मासेमारीच्या जागांना समुद्रावर पाटी नसते. हा डोंगर त्या भूशिराच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, तो दिवा अमुक दिशेला दिसला की घराकडे वळायचं. डॉडने ते टार्बट नेस बापाकडून घेतलं होतं, बापाने त्याच्या बापाकडून. आमचं अख्खं गाव पिढ्यान्‌पिढ्या त्या म्हातारीच्या नखाकडे बघून घरी येत होतं.

"ते भूशिर," डॉड हळू म्हणाला. "धुकं असलं की मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो. दिसू दे म्हणून."

"कर हो. आम्ही तिथेच असतो."

"आणि आंद्रेयाचं सांग, आजी," हेक्टर म्हणाला.

"ते जुनं. या नावाच्याही आधीचं. आमच्या कुळाला गेलिकमध्ये आंद्रेयाची लेकरं म्हणतात. आमचा मूळ पुरुष म्हणे आंद्रेयाचा सेवक होता. खरं की खोटं, मी बघायला नव्हते."

"प्रेषित आंद्रेया?" मी विचारलं.

"दुसरा कोण? तुमच्यासारखाच. जाळेवाला."

कॉकलने तेव्हा चिमटा खाली ठेवला. ठेवला म्हणजे मांडीवर ठेवला, पण हातातून सोडला.

म्हातारी दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून परत गेली. त्या आठवड्यात डॉड कामापुरतं बोलत होता. बोट बाहेर नेत होता, परत आणत होता. पुकारीबद्दल मी विचारलं नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर पवित्र शास्त्र वाचलं जातं, डॉड वाचतो, मी आणि एलस्पेट ऐकतो. शुक्रवारी मी म्हटलं, "आज आपला नेहमीचा भाग राहू दे. सरोवराच्या काठचा वाच. प्रभू दोघा भावांना बोलावतो तो."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. पण त्याने पानं उलटली आणि वाचलं. आंद्रेयाचं नाव आलं तिथे थांबला, मग पुढे गेला. वाचून झालं, एलस्पेट कंदील घेऊन कॉकलकडे गेली, म्हाताऱ्याला औषध द्यायला. आम्ही दोघंच उरलो.

"तू काय म्हणणार आहेस ते मला ठाऊक आहे," डॉड म्हणाला. "आंद्रेया संत माणूस. भूशिर उपकाराचं. मी कुठे नाही म्हणतोय. पण वॉट गेला, मेगी. मी ते नाव या कानांनी ऐकलं आणि वॉट गेला. चर्चमध्ये माझ्यामागे चाळीस माणसं बसतात. सोमवारी त्यातलं एक आलं नाही, तर मी त्याच्या आईच्या दारात काय तोंड घेऊन उभा राहू?"

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सांग."

"मी सकाळी चूल पेटवायच्या आधी काय करते?"

"स्तोत्र म्हणतेस. मग प्रार्थना. लग्न झाल्यापासून करतेस."

"प्रार्थनेत मी घराघराचं नाव घेते. टार, कॉकल, बिशप, सगळी. फ्लेट म्हटलं तर देवाला कळेल, पण मला नेमकं सांगायला आवडतं. हेक्टर गावात आला त्या आठवड्यापासून मी त्याचंही घेते. परका मुलगा, एकटा. त्याला जोडनाव नव्हतं. मग त्याचं होतं तेच घेते."

डॉडला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा हात किल्लीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"इथे? या घरात?"

"तू आत झोपलेला असतोस. हळू घेते, पण ओठांनी घेते. देवापुढे मनातल्या मनात पुटपुटायची मला सवय नाही."

"रोज?"

"रोज. सोमवारी पण. वादळाच्या दिवशी पण. लोखंड नाही धरत. हात जोडलेले असतात, धरू कशाने?"

मला वाटलं, आता रागावेल. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तो माझ्यावर ओरडलेला नाही, पण त्या क्षणी ओरडला असता तर मी काही बोलले नसते.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "आणि मी प्रत्येक वेळी घरी आलो."

"प्रत्येक वेळी आलास."

"मग वॉट?"

"वॉटला समुद्राने नेलं, डॉड. त्या फेरीवाल्याने नाही. आणि लाट आली तेव्हा सुकाणू तुझ्या हातात होतं, ते तू सोडलं नाहीस म्हणून बाकीचे आठ जण परत आले. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं का, मला माहीत नाही. तू विचारलं नाहीस."

तो उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा तो एलस्पेटच्या ठेवतो, आणि झोपायला गेला. हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी हेक्टर आमच्याकडे आला. त्याने चिटणीसांना सांगितलं होतं की उद्या पुकार होऊ दे, लोकांचं मी बघतो. एलस्पेट घाबरली. "काय बघणार आहेस? कोणाला मारणार तर नाहीस?"

"मारणार नाही. खिळे देणार."

"काय?"

"लोकांना लोखंड हवं ना? माझ्याकडे आहे. मी कोणाची भीती काढू शकत नाही, पण तिच्यापुरता खिळा देऊ शकतो. ज्याला धरायचाय त्याने धरावा आणि माझं नाव ऐकावं. त्यांचा सोमवार राहील, माझं नावही राहील."

रविवारी चर्चच्या दाराशी तो उभा होता. चांगला कोट, पायाशी लाकडी खोकं, खोक्यात नवे घडवलेले खिळे. प्रत्येक माणसाला एकेक देत होता. आधी लोक बिचकले. मग बिशपचा मोठा जॉर्ज, जो बापजन्मी पहिल्यांदाच चर्चला आला होता, केवळ तमाशा बघायला, म्हणाला, "फुकट आहे का?"

"फुकट."

"मग दोन दे. माझी बायको जास्त भित्री आहे."

लोक हसले आणि रांग लागली. बायकांनीही घेतले. म्हाताऱ्या कॉकलने खिळा घेतला, उजेडात धरून बघितला, म्हणाला, "डोकं जरा तिरकं आहे रे, भट्टीवरच्या."

"तुमच्यासाठी खास तिरकं केलंय, काका."

शेवटी डॉड आला, मी त्याच्या मागे. हेक्टरने त्याच्यापुढे खिळा धरला. डॉडने तो बघितला. हेक्टरचा हात तसाच राहिला.

"मला नको," डॉड म्हणाला, आणि आत गेला.

याचा अर्थ काय घ्यायचा ते हेक्टरला कळेना. मलाही कळलं नव्हतं. म्हणजे डॉड उठून जाणार आहे की बसणार आहे? हेक्टर माझ्याकडे बघत होता. मी आत गेले. तो बाहेरच राहिला. आपली पुकार आपण ऐकायची नसते, वधूवरांना ते बरं नाही. एलस्पेटही घरी होती.

गाणी झाली, प्रार्थना झाली. मग चिटणीस उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, आणि वाचलं.

"या मंडळीतली एलस्पेट फ्लेट, जॉर्ज फ्लेट टार यांची कन्या, आणि..." ते थांबले. "आणि हेक्टर रॉस."

सगळं चर्च वाकलं. म्हणजे खरंच वाकलं. ज्यांच्या हातात खिळे होते त्यांनी ते दोन्ही हातांत घट्ट धरून मान खाली घातली. ज्यांना तेवढ्याने भरवसा वाटेना ते बुटाच्या चुकांपर्यंत पोहोचले. थुंकलं मात्र कोणी नाही, देवाचं घर होतं. पाळकसाहेब नंतर म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्या एकाही प्रार्थनेला एवढी माणसं एकदम नतमस्तक झाली नाहीत."

त्या वाकलेल्या पाठींच्या मध्ये एकटा डॉड ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. कॉलरच्या बाहेर किल्लीची दोरी दिसत होती, पण हात तिकडे गेले नाहीत. मी त्याच्या शेजारी होते, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्यांदा नाव वाचलं गेलं तेव्हा वाकणाऱ्या पाठी कमी होत्या. पुढच्या बाकावरून मान वळवून कोणीतरी डॉडकडे बघितलं, मग आणखी कोणीतरी. बारा वर्षं त्याच्याइतकं त्या नावाला कोणी घाबरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा चिटणीसांचा आवाज मोकळा निघाला. अर्धं चर्च तरी सरळ बसलं होतं. कॉकल वाकला, पण म्हणाला की खिळा खाली पडला होता.

"कोणाची हरकत?" चिटणीसांनी विचारलं.

कोणी हरकत घेतली नाही.

बाहेर आलो तर हेक्टर आवाराच्या भिंतीशी उभा होता, रिकाम्या खोक्याशेजारी. त्याला आत काय झालं ते माहीत नव्हतं. लोक त्याच्याजवळून जात होते, काही हसत होते, पण रविवारच्या कपड्यांत सगळेच जरा संकोचलेले असतात, कोणी काही बोलेना. तो डॉडकडेच बघत होता. डॉड सरळ त्याच्याकडे चालत गेला. मी थोडी मागे राहिले.

"वाचलं का?" हेक्टरने विचारलं.

"वाचलं."

"पूर्ण?"

डॉडने टोपी डोक्यावर नीट बसवली. आजूबाजूला सगळे तांडेल होते, आणि तो काही हळू बोलला नाही.

"हेक्टर रॉस. तीनदा. मी मोजलं."

डॉडचे ओठ त्या शब्दानंतर तसेच राहिले होते, गरम घोट घेतल्यावर राहतात तसे. मग त्याने हात पुढे केला. हेक्टरने तो धरला आणि सोडेना.

"आणखी एकदा म्हणाल का?"

"लाडात येऊ नकोस," डॉड म्हणाला. "घरी चल. सूप गार झालं की तुझी सासू मला बोलते, तुला नाही बोलणार."

सोमवारी सगळ्या बोटी गेल्या, एक सोडून. कॉकलने बोटीचा बॉयलर गळतोय म्हणून सांगितलं. हेक्टर हत्यारं घेऊन बघायला गेला तर बॉयलरला काही झालेलं नव्हतं. तो म्हाताऱ्यापाशी बसला, दोघांनी चहा घेतला, आणि मंगळवारी कॉकलही गेला. त्या आठवड्यात मासळी बेताचीच होती, पण माणसं सगळी परत आली. मी रोज संध्याकाळी मोजत होते.

लग्न नोव्हेंबर संपता संपता झालं. नोव्हा स्कोशियाच्या चुलत्यांना हेक्टरने कळवून टाकलं की भट्टी दुसऱ्या कोणाला द्या. आणि हिवाळा सरायच्या आत गावाने आपल्या पद्धतीने ते नाव पुन्हा झाकून टाकलं. आता सगळे त्याला 'खिळा' म्हणतात. टपालवाला परवा आमच्या दाराशी येऊन म्हणाला, "खिळ्याचं पत्र आहे, तिकडे देऊ की इथे ठेवू?"

एलस्पेटला राग आला. "एवढं सगळं करून शेवटी कोणी नाव घेतच नाही."

हेक्टर दारात उभा राहून कोट झटकत होता. तो म्हणाला, "अगं, जोडनाव दिलंय त्यांनी मला. परक्याला देतात का?"